तीन सूत

स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापून आणले होते.
कुठे कापलेस विचारलं, तर म्हणाला, मित्राकडे.
मित्राकडे ग्राइंडर असला की हे असं होतं.

सत्तावन्नची डुक्कर फियाट.
निशाद गुप्ते, राहणार नौपाडा.
डावीकडे वळता येईना म्हणून
उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे,
अशी ठाण्याला प्रदक्षिणा घालून
पोचला वागळे इस्टेटला, माझ्या शेडसमोर.
गाडी दिसत होती फक्कड,
दबा धरलेल्या मांजरासारखी.
पण मांजर वळतं, बाबा.

आधी मोजायचं, मग हातोडी.
माझा बाप टर्नर. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
तो सुतावरून सूतच गाठायचा,
इंचाचा आठवा भाग, केसभर इकडेतिकडे नाही.
मी टायरच्या खांद्याला ओला खडू फासला,
समोरच्या खानावळीतून लिंबाएवढी कणीक मागवली,
टायरॉड आणि चासीच्या मधे चिकटवली
आणि म्हटलं, फिरव. सावकाश. पूर्ण.
कणकेचा पापड झाला, उजेड दिसेल इतका.
खडू उठला मडगार्डच्या आतल्या काठावर,
चार बोटं लांब.

गाडी खाली आणली की सगळं खाली येत नाही.
चाक तिथंच राहतं, अंग तेवढं उतरतं.
टायरॉड तिरका होतो,
मग खड्डा आला की स्टिअरिंग
कुणाला न विचारता थोडं वळून घेतं.
त्या तिरकेपणात तीन दिवस गेले.
वरून बसणारा एंड खालून बसवला,
त्याला बापाच्याच लेथवर बुश काढला,
रिमपासून तीन सूत जागा सुटली.
तीन सूत पुष्कळ झालं.
लॉकच्या बोल्टला एक वायसर वाढवला.
आता यू-टर्नला एक रिव्हर्स जास्त पडेल,
सांगून ठेवलं.

राहिला मडगार्डचा काठ.
इस्राईलभाई डेंटर घरचं मुसळ आणतो,
सायकलची ट्यूब गुंडाळलेलं.
काठ तापवतो आणि दाबत दाबत आत वळवतो,
करंजीची कड मुडपावी तसा.
एका जागी रंग तडकला.
वर क्रीम, त्याखाली पोपटी,
त्याखाली काळा.

इस्राईलभाई काळ्यावर अंगठा फिरवत राहिला.
म्हणाला, हा काळा मी खूप मारलाय.
एवढंच.
निशाद म्हणाला, आजोबांनी शोरूममधून घेतलेली,
काळ्या गाड्या तेव्हा असायच्याच.
असायच्या, मी म्हटलं.
मी पान्यासाठी वाकलो तेवढ्यात
तो पॉलिशपेपर घेऊन छताच्या पन्हाळीपाशी गेला
आणि नखाएवढी जागा घासत बसला.
क्रीम गेला. पोपटी गेला.
पिवळा आला.

कॉम्प्रेसर चालू होता, बरं झालं.
बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
मीटर कुठे लावायचे?
इस्राईलभाईने त्याचंच बोट धरून
डाव्या काचेच्या खांबापाशी टेकवलं.
दोन भोकं, लांबी भरलेली.
डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला कळतात.

वर रंगाचा हात देऊ का, मी विचारलं.
नको. खाली प्रायमर मारा, गंजेल.
वर नुसतं लॅकर.

संध्याकाळी निघाला. मी पुन्हा खडू फासला होता.
गेटबाहेर पूर्ण डावा लॉक देऊन वळला,
टायर पांढराच राहिला.
मी कान देऊन उभा.
कोपऱ्यावरच्या गतिरोधकापर्यंत काही नाही,
मग खर्रर्र. पोट.
त्याला माझ्याकडे इलाज नाही,
कापलेले वेढे मी कुठून आणू?
चौघांना बसवू नकोस, मागून ओरडलो.

ऐकलं की नाही, ठाऊक नाही.
पुढच्या गतिरोधकाआधी मात्र
त्याने उजवा हात खिडकीबाहेर काढला
आणि सावकाश खाली-वर केला,
मागच्यांना सांगायला,
जसे जुने ड्रायव्हर करायचे.